मुकादमाची वकिली

दळण टाकायला आलेल्या मुलीने वरच्या मजल्यावर डोकावायचं खरं तर काही कारण नव्हतं. पण डिसेंबरातल्या त्या रविवारी हडपसरच्या गिरणीत तिच्या डब्यापुढे अकरा डबे होते. खाली उभं राहून अंगावर पीठ घेण्यापेक्षा वरच्या वाचनालयात जाऊन बसावं, असं उत्कर्षाच्या मनात आलं आणि ती जिना चढली. पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

वर सतरंजीवर पाचसहा माणसं गोल करून बसली होती. खालच्या गिरणीची घरघर जमिनीतून पायांना जाणवत होती. दाराकडे पाठ करून बसलेला एकजण पुस्तक मांडीवर ठेवून सांगत होता, "मला तर हा माणूस दुष्ट नाही वाटून राहिला. एकटा आहे फक्त. एकट्या माणसाचं डोकं भलतीकडेच चालते."

उत्कर्षा दारातच थबकली. हा आवाज... रोज सकाळी साडेदहाला तिच्या कानात हाच आवाज म्हणायचा, 'येस मॅम, डन मॅम.' तिच्याच टीममधला, वर्धेकडचा मुलगा. वर्षभर घरून काम करणारा, कॅमेरा कायम बंद ठेवणारा. तिच्या लेखी तो म्हणजे स्क्रीनवरचा एक राखाडी गोल होता आणि त्यात एक इंग्रजी अक्षर.

"साईनाथ?"

तो वळला. राखाडी गोलाला मोठे, जरा घाबरट डोळे होते आणि हसला की एकाच गालाला खळी पडायची. तो वर्गात मास्तर आल्यासारखा ताडकन उभा राहिला. "मॅम!"

"इथे मॅम कोणी नाही," समोरच्या चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. "शाळेत शिकवणारी मी एकटी, आणि मीही निवृत्त झाले. तुम्ही आत तरी या, नाहीतर दार तरी लावा. पीठ येतंय."

या विमलाबाई. वाचनालय त्यांचं आणि हा रविवारचा कट्टाही त्यांचाच. कट्ट्यावर फक्त सव्वाशे पानांच्या आतल्या जुन्या लघुकादंबऱ्या वाचायच्या. का, तर जाड पुस्तकं लोक उशाला घेतात, असं बाईंचं मत. आणि कट्ट्याचा एक कायदा होता: ज्याने एखाद्या पात्राला दोषी ठरवलं, त्यानेच पुढच्या रविवारी त्या पात्राची वकिली करायची. "शिव्या देणं सोपं असतं," बाई म्हणत. "एक आठवडा त्या माणसाच्या चपलेत काढा, मग बघू."

दळण झालं तशी उत्कर्षा उठली. साईनाथही मागोमाग जिना उतरला.

"मॅम, तुमच्या नाकाला पीठ लागलंय."

"कुठे?"

"नाकाला... आता गालालापण."

ती हसली. "कॅमेरा का बंद ठेवतोस रे?"

"मागे दोरीवर चार जणांचे कपडे वाळत असते."

"मागचं धूसर करता येतं की!"

"केलं होतं मॅम. मीच धूसर झालो."

डबा स्कूटीवर चढवताना ती एकटीच हसत होती. गिरणीवाल्याने तिच्याकडे दोनदा पाहिलं.

ती दर रविवारी जाऊ लागली. घरी सांगायला दळण होतंच. आई शेवटी म्हणाली, "अगं, आपण चार माणसं. एवढं पीठ खातंय कोण?"

खरी गोष्ट अशी, की उत्कर्षालाही बोलायला माणूस नव्हतं. अठ्ठाविसाव्या वर्षी टीम लीड झाली, तेव्हा घरी पेढे वाटले. ऑफिसात मात्र महिन्याभरात टीमच्या जेवणाच्या ग्रुपवर शुकशुकाट झाला. तिला वाटलं, लोक कामात असतील. मग कळलं, की तिला वगळून दुसरा ग्रुप निघालाय. डब्यातली भाजी ज्यांच्याबरोबर वाटून खाल्ली, ते आता ती आली की आवाज उतरवायचे. खुर्ची जरा उंच झाली आणि बाजूच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. हे सांगणार कोणाला? ज्याला सांगावं तो म्हणणार, पगार वाढला ना, मग रडतेस कशाला!

साईनाथला तिने सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "माझ्या खोलीतले तिघं रात्रपाळीवाले. मी उठतो तेव्हा ते झोपते. शुक्रवारी संध्याकाळी तुम्हाला 'डन मॅम' म्हणतो ना, त्यानंतर रविवारपर्यंत मी कोणाशीच बोलत नाही. सगळं इथे येऊन बोलतो." मग जरा थांबून, पुस्तकाच्या कडेवरून नख फिरवत तो म्हणाला, "आजकाल तर... तुम्ही याल म्हणून बोलायचं ठरवूनच येतो."

कट्ट्यावर 'मॅम' म्हणायला बंदी आणि नाव घ्यायची त्याची छाती होत नव्हती, तेव्हा तो तिला 'अहो' म्हणू लागला. "अहो, ते पान द्या ना." "अहो, पंखा लावू का?" कॉलेजातली एक मुलगी तोंडावर पुस्तक धरून खुसखुसली. बाई न हसता म्हणाल्या, "अहो-जाहो पुढे आयुष्यभर करायचंच असतं. इथे नावं घ्या." दोघंही कानापर्यंत लाल झाले. आणि दोघांनाही ते आवडलं.

जानेवारीत कंपनीने आठवड्यातून तीन दिवस खराडीच्या ऑफिसात येणं सक्तीचं केलं. बसथांब्यावर ताटकळणारा साईनाथ पाहून उत्कर्षाने स्कूटी थांबवली. पहिल्या दिवशी तो मागची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसला. मुंढव्याच्या पुलाअलीकडे गतिरोधक आला आणि त्याचा हात तिच्या खांद्यावर पडला.

"सॉरी."

"तू कशाला? गतिरोधकाने म्हणायला हवं."

थोडं अंतर गेलं. मागून हळूच आवाज आला, "मग त्याला थँक्यूपण म्हणतो."

हेल्मेटमध्ये ती इतकी हसत होती की काचेवर वाफ धरली.

पण ऑफिसच्या फाटकाच्या एक वळण आधी ती स्कूटी थांबवायची. "इथेच उतर. पुढे वळायला गर्दी असते." पुढे कुत्रंसुद्धा नसायचं. साईनाथ मुकाट्याने उतरायचा आणि तिच्या मागून दहा मिनिटांनी आत यायचा. एकदाच म्हणाला, "पुढची गर्दी मला दिसत नाही. चष्मा घ्यावा लागेल." तिला ते लागलं, आणि लागूनही ती तिथेच थांबवत राहिली.

मार्चमध्ये कट्ट्यावर एक पंच्याण्णव पानांची कादंबरी आली. कुठल्याशा थंड समुद्रातलं बेट, बेटावर दगडाची खाण आणि खाणीवर एक मुकादम. थंडीत बेटावर शिधा पुरत नाही, म्हणून दर वर्षी शेवटच्या होडीने एका मजुराला परत पाठवायचं. नाव मुकादमाने सांगायचं. परत गेलेल्याला पुन्हा कोणी कामावर घेत नाही. मुकादमाशी बेटावर कोणी बोलत नाही. फक्त एक मजूर संध्याकाळी त्याच्या खोपटात येतो आणि दोघं मिळून सूप पितात. आणि शेवटची होडी येते तेव्हा मुकादम त्याच मजुराचं नाव घेतो. कारण त्याच्यासाठी भांडायला कोणी नसतं.

"नीच माणूस!" उत्कर्षा कडाडली. "ज्याच्याबरोबर जेवला त्यालाच होडीत बसवलं. त्याला नाही म्हणता आलं असतं. स्वतःचं नाव देता आलं असतं. याला काही म्हणजे काही क्षमा नाही."

"झालं तर मग," विमलाबाईंनी वहीत टिपून घेतलं. "पुढच्या रविवारी मुकादमाची वकिली उत्कर्षाकडे."

साईनाथ तिच्याकडे कौतुकाने बघत होता. ते कौतुक तिला पुढे फार महागात पडलं.

मंगळवारी तिच्या मॅनेजरने, विक्रम सरांनी, तिला काचेच्या खोलीत बोलावलं. वार्षिक मूल्यमापन होतं. कंपनीचा नियम असा, की टीममध्ये नऊ जण असतील तर एकाला तरी तळाचं रेटिंग द्यायचंच. सगळेच चांगले निघाले, तर लीडला माणसं ओळखता येत नाहीत असं वरचे समजतात. आणि तळाला गेला त्याला महिन्याची नोटीस.

"बोल, कोण?"

कामाने तळाला होता सूरज. पण सूरजचं वरपर्यंत उठणंबसणं होतं, आणि तो गप्प बसणाऱ्यातला नव्हता. उत्कर्षा घोटाळली. विक्रम सर खुर्चीत मागे रेलले.

"साईनाथचं काय? नाही म्हणजे... तू त्याला स्कूटीवरून आणतेस म्हणे. मला काही नाही गं. पण वर विचारलं, की बाई आपल्या माणसाला सांभाळून घेतात, तर उत्तर तुला द्यायचंय."

दोन-तीन सेकंदांचा प्रश्न होता. 'आणते. आणि त्याचं काम टीममध्ये सगळ्यात चोख आहे.' एवढंच म्हणायचं होतं. जानेवारीत ग्राहकाकडे जाणारी मोठी चूक त्यानेच पकडली होती, ते तिला ठाऊक होतं. पण तिच्या तोंडातून निघालं, "छे! तसं काही नाही सर. रस्त्यात दिसतो म्हणून... उलट मी त्याचंच नाव सुचवणार होते. फार बोलत नाही तो. मीटिंगमध्ये कॅमेरासुद्धा लावत नाही."

"गुड," विक्रम सर म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं. एवढ्याने झालं.

स्वच्छतागृहात जाऊन तिने तोंड धुतलं. आरशात बघवेना. आपण खोटं बोललो याची लाज होतीच, पण त्याहून मोठी लाज दुसरीच होती. त्याचं नाव घेताना क्षणभर तिला हायसं वाटलं होतं.

शुक्रवारी त्याला सांगायचं कामही तिलाच. एचआरने चार वाक्यं लिहून दिली होती. तिने ती कागदावरून वाचली. साईनाथ समोर हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. वाचून झालं. मग त्याने विचारलं, "मॅम, हे रेटिंग कोण देते?"

"ते... वरून येतं."

त्याने तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ. मग तो उठला, पाण्याची बाटली तिच्याकडे सरकवली आणि म्हणाला, "तुम्ही वाईट नका वाटून घेऊ. पाणी प्या."

नोकरी त्याची जात होती आणि पाणी तो तिला देत होता! उत्कर्षाला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. पण खराडीतल्या सातव्या मजल्यावर धरणी कुठली? ती पाणी प्यायली.

रविवारी जाऊच नये, असं तिने शंभरदा ठरवलं. अंगात कणकण आहे, असा मेसेजही लिहिला. मग तो पुसला. दळण नव्हतंच त्या दिवशी. रिकाम्या हाताने ती जिना चढली. साईनाथ नेहमीच्या जागी बसला होता.

"वकीलसाहेब, सुरू करा," बाई म्हणाल्या.

तिने तयारी केली होती. मुकादमावर वरून दडपण होतं, शिधा खरंच कमी होता, कोणाला तरी जावंच लागणार होतं... मुद्दे सगळे बरोबर होते. बोलता बोलता तिचा आवाज बारीक होत गेला.

"आणि... मुकादमाला भीती वाटत होती. लोक म्हणतील, हा त्याच्याबरोबर सूप पितो, म्हणून त्याला वाचवतो. म्हणून त्याने मुद्दाम त्याचंच नाव घेतलं. म्हणजे कोणी बोट दाखवायला नको. त्याचा त्या मजुरावर जीव होता, आणि नेमकं तेच लपवायला त्याने..."

बाईंनी पानं चाळली. "हे कुठल्या पानावर आहे?"

"पुस्तकात नाहीये."

खालची गिरणी नेमकी त्याच वेळी थांबली. 

"मी मंगळवारी केलं हे," उत्कर्षा म्हणाली. ती सतरंजीकडे बघत होती. "साईनाथचं नाव मी दिलं. वरून काही आलं नव्हतं. काम त्याचं सगळ्यात चांगलं आहे. लोक आम्हाला नावं ठेवतील म्हणून मी त्याला तळाला टाकलं. आणि शुक्रवारी त्याच्या तोंडावर खोटं बोलले. माझ्याकडे वकिली नाही बाई. मला माझीच लाज वाटतेय."

विमलाबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला आणि परत लावला. एरवी त्यांच्या जिभेवर तयार असणारा टोला आज आला नाही.

साईनाथ उठला. चप्पल घालताना, तिच्याकडे न बघता म्हणाला, "एचआरच्या पत्राच्या खाली बारीक अक्षरात नाव असते, कोणी सुचवलं ते. शुक्रवारी सकाळीच मेलवर आलं, तेव्हाच वाचलं होतं मी. तरी विचारलं तुम्हाला. वाटलं, सांगाल."

तो जिना उतरून गेला. तिला रडू फुटलं, तेही सगळ्यांसमोर, नाक ओढत. बाईंनी तिला रडू दिलं. मग एवढंच म्हणाल्या, "इथे सांगून काय उपयोग? जिथे नाव दिलंस, तिथे सांग."

सोमवारी सकाळी उत्कर्षाने विक्रम सरांना आणि त्यांच्या वरच्यांना पत्र पाठवलं. त्यात तिने लिहिलं, की हे रेटिंग तिने कामावरून नाही, तर स्वतःच्या भीतीने दिलं. जानेवारीतली चूक कोणी पकडली, तेही लिहिलं. आणि हो, ती त्याला स्कूटीवरून आणते. साईनाथला तिने काही कळवलं नाही. कळवलं असतं, तर त्यातूनही 'बघ, मी किती चांगली' असंच निघालं असतं.

विक्रम सर लालबुंद झाले. चौकशी झाली, मीटिंगा झाल्या. शेवटी लीडपद गेलं आणि ते सूरजकडे गेलं, दैवाला चेष्टा सुचते ती अशी. साईनाथचं रेटिंग दुरुस्त झालं आणि नोटीसही मागे घेतली. पण त्याने राजीनामा दिला. फुरसुंगीत एका लहानशा कंपनीत त्याला काम मिळालं होतं. राजीनाम्यानंतरच्या महिनाभरात तो तिच्याशी कामापलीकडे एक शब्द बोलला नाही. कट्ट्यावरही आला नाही.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी तो आपणहून तिच्या टेबलाशी आला. "रस पिणार का?"

ऑफिससमोरच्या रसवंतीत दोघं बाकावर बसले. चरकाची घुंगरं वाजत होती. टीममधले चारपाच जण पलीकडून बघत होते. उत्कर्षाने त्यांच्याकडे पाहिलं आणि ती तिथेच बसून राहिली.

"पत्राचं मला विक्रम सरांनी सांगितलं," साईनाथ म्हणाला. "तुम्ही नाही सांगितलं."

"सांगण्यासारखं काय होतं त्यात? केलेलं निस्तरलं."

"लीडपद गेलं तुमचं."

"जेवणाच्या ग्रुपवर परत घेतलं मला." ती हसायला गेली, पण जमलं नाही. "साईनाथ... आता हे बोलायचा मला हक्क नाही. पण परत चोरून ठेवणार नाही. माझं प्रेम आहे तुझ्यावर. तेव्हाही होतं."

त्याने ग्लास खाली ठेवला. "मला माहीत आहे," तो म्हणाला. "पण त्या मुकादमाचंपण होतं."

मान खाली घालून ती बसली. डोळ्यांतलं पाणी हातावर पडलं, ते तिने पुसलं नाही.

"लाज वाटते अजून?" थोड्या वेळाने त्याने विचारलं. आवाज मऊ होता.

"रोज. सकाळी उठल्याबरोबर."

समोरून हडपसरची बस येताना दिसली तसा तो उठला. पिशवी खांद्याला लावली. "चलतो. बसायला जागा मिळाली की फोन करतो."

आणि तो धावत जाऊन गर्दीत घुसला.

उत्कर्षा बसकडे बघत राहिली. संध्याकाळी साडेसहाची खराडीहून हडपसरला जाणारी बस! त्या बसमध्ये बसायला जागा मिळालेला माणूस अजून कोणी पाहिला नव्हता. म्हणजे हा नकारच, तिला वाटलं. सभ्यपणे दिलेला, तिचा मान राखून दिलेला. हिशोबाने तिला तोच मिळायला हवा होता. रसवाल्याने ग्लास उचलले. ती स्कूटीकडे चालू लागली. लाज होती, दुःख होतं, पण आता तोंड लपवायचं नव्हतं. मिळालं ते बरोबरच मिळालं, असं स्वतःला बजावत तिने हेल्मेट घातलं.

फोन वाजला.

घाईत हेल्मेटचा बंद सुटेना, तिने फोन तसाच आत सरकवून कानाला लावला. पलीकडे कंडक्टरचा आरडाओरडा, कोणाचं तरी रडणारं पोर, ब्रेकचा कर्कश आवाज.

"मिळाली जागा?" तिने विचारलं.

"नाही ना," धापा टाकत तो म्हणाला. "उभाच आहे. एका पायावर." मग जरा वेळ नुसती बस ऐकू आली. "बोला."